पंधरा लिटरचा हिशेब

पाच हजार माणसं रात्रीतून एका माळावर येऊन थांबली आहेत. शेजारी ओढा आहे, पाणी गढूळ. तुमच्या हाती एक डिझेल पंप, पत्र्याच्या दोन टाक्या, थोडा पाइप आणि टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा ड्रम आहे. उद्या संध्याकाळपर्यंत किती नळ उभे करायचे?

आपत्तीच्या जागी कामाला निघालेल्या इंजिनिअरांच्या प्रशिक्षणात या धाटणीची गणितं हमखास असतात. शहरी पाणीपुरवठ्यात मुरलेला माणूस लगेच पाइपाचा व्यास काढायला बसतो. इथं मोजणी माणसांपासून सुरू होते. जगभरच्या मदतसंस्था मानतात त्या ‘स्फिअर’ मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळायला हवं, म्हणजे रोजचे ७५ हजार लिटर. एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, म्हणजे २० नळ. हा २५०चा आकडा कुठून आला? मिनिटाला साडेसात लिटर देणाऱ्या नळाखाली २५० जणांचं पाणी भरायला ५०० मिनिटं लागतात. आठ तास वीस मिनिटं, तेही नळ क्षणभर न थांबता वाहिला तर. नळ राहत्या जागेपासून ५०० मीटरच्या आत हवा, रांग अर्ध्या तासाहून मोठी नको. इथवर गणित सरळ आहे. मग कोणीतरी विचारतं की या लोकांकडे पाणी भरायला भांडी आहेत का? जीव घेऊन पळालेल्या माणसानं हंडा-कळशी बरोबर आणलेली नसते. ज्या घरात भांडं नाही त्या घराला नळ दारात असूनही पाणी मिळत नाही. म्हणून कुटुंबामागे निदान दोन कॅन हेही पाणी योजनेत धरायचं असतं. हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात कॅन नसतात.

संडासांचंही तसंच. सुरुवातीच्या धांदलीत ५० माणसांमागे एक, बस्तान बसलं की २० माणसांमागे एक. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. झोपडीपासून ५० मीटरच्या आत, पण विहिरीपासून निदान ३० मीटर लांब, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड मीटर वर. आतून लागणारी कडी आणि वाटेवर दिवा. कडी-दिवा नसेल तर रात्री बायका तिकडे फिरकत नाहीत. काम शंभर टक्के पूर्ण झाल्याचा अहवाल मात्र वर गेलेला असतो.

आपल्याकडे इंजिनिअरिंग झालेल्या मुलामुलींना समाजासाठी काही करावंसं वाटणं ही नवलाई राहिलेली नाही. कॉलेजांमधून ‘सर, आम्हाला अशा कामात जायचंय, कुठं अर्ज करायचा?’ हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर संस्थांची नावं सांगून देता येतं आणि पुढं ती येतीलच. पण हे काम नेमकं काय मागतं हे आधी कळलेलं बरं. ते हुशारी फारशी मागत नाही. पंप, पाइप, रस्ता, गोदाम, हजेरीपट यांची साधी, पक्की माहिती मागतं, आणि तिच्यावर वेगळं शिक्षण.

*

१९७९ साली व्हिएतनाममधून होड्यांनी निघालेले निर्वासित मलेशियाच्या किनाऱ्याला लागत होते. तिथल्या छावणीत पीटर गथ्री नावाचा एक तरुण ब्रिटिश सिव्हिल इंजिनिअर कामाला गेला. परतल्यावर त्याच्या लक्षात आलं की असं काम करायला तयार असलेले इंजिनिअर पुष्कळ आहेत आणि त्यांची गरज असलेल्या संस्थाही आहेत, पण दोघांची गाठ घालून देणारं कोणी नाही. १९८० मध्ये त्यानं ब्रिटनमधल्या इंजिनिअरांच्या व्यावसायिक संस्थांच्या पाठबळानं एक नोंदवही सुरू केली. आपत्तीत बोलावलं तर काही महिन्यांसाठी येऊ शकतील अशा इंजिनिअरांची ती यादी, तिचं नाव ‘रेडआर’. नोकरी सोडून संन्यास घ्यायला सांगणारी ही कल्पना नव्हती. मालकानं माणूस तीन-चार महिने सोडायचा, काम झालं की त्यानं परत आपल्या खुर्चीवर यायचं.

यादी झाली, पण यादीतला माणूस उपयोगी पडेलच असं नाही हेही लवकर कळलं. मोठ्या धरणावर काम केलेला इंजिनिअर छावणीत गोंधळतो. सर्वेक्षणाला वेळ नाही, नकाशा नाही, सिमेंट कधी येईल ते ठाऊक नाही, गावच्या पुढाऱ्याशी बोलायचं तर दुभाषा लागतो. मग प्रशिक्षण हेच रेडआरचं मुख्य काम होत गेलं. या वर्गांच्या अनुभवातून जॅन डेव्हिस आणि रॉबर्ट लँबर्ट यांचं ‘इंजिनिअरिंग इन इमर्जन्सीज’ हे जाडजूड पुस्तक १९९५ साली आलं. त्यात पाणी, संडास, रस्ते, निवारे तर आहेतच, शिवाय गाडीची निगा, वायरलेसवर बोलायची पद्धत, गोदामाची नोंद, मजुरांची भरती, आणि निघण्याआधी स्वतःच्या घरची व्यवस्था कशी लावावी हेसुद्धा आहे. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुस्तकात घरच्यांचा विचार केलेला मला दुसरीकडे आढळला नाही.

पण या क्षेत्राची झोप खरी उडवली ती गोमानं.

जुलै १९९४. रवांडातल्या नरसंहारानंतर पाच ते आठ लाख माणसं जेमतेम पाच दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा शहराजवळ आली. जमीन ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्हाची. कुदळ मारली तर ठिणगी उडते, खड्डा पडत नाही. त्यामुळे संडास खणता येईनात आणि मेलेल्यांना पुरताही येईना. बाजूला कीवू सरोवर पसरलेलं, म्हणजे पाण्याला तोटा नव्हता. तरीही पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेलं पाणी माणशी दिवसाला सरासरी ०.२ लिटर मिळत होतं. कपभर. लोक सरोवराचं पाणी तसंच प्यायले. कॉलरा आला, मागोमाग रक्ताची हगवण. महिन्याभरात जवळपास ५० हजार माणसं दगावली.

यात इंजिनिअरानं थांबून पाहण्यासारखं बरंच आहे. पाणी शुद्ध करणारी यंत्रं विमानांनी आली होती. शुद्ध झालेलं पाणी छावण्यांपर्यंत नेणारे टँकर कमी पडले. मूठभर लोकांना अतिशुद्ध पाणी देण्यापेक्षा सगळ्यांना पुरेसं क्लोरिन घातलेलं भरपूर पाणी देणं जास्त जीव वाचवतं. हे वाचायला सोपं वाटतं, पण शाळा-कॉलेजात दर्जा म्हणजे शुद्धता असं घोकलेल्या माणसाला ते हाडात मुरवावं लागतं. गोमाच्या चौकशीतून असाही सूर निघाला की सद्‌हेतूनं आलेल्या अनेक संस्थांना काम येत नव्हतं आणि त्यांना जाब विचारणारंही कोणी नव्हतं. १९९७ मध्ये स्फिअर प्रकल्प सुरू झाला आणि २००० साली त्याची पहिली पुस्तिका आली. पंधरा लिटर, एका नळामागे २५०, ही सगळी मापं त्या पुस्तिकेतली. चौथी आवृत्ती २०१८ची आहे.

पंधरा लिटर हा ऐषाराम नव्हे. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी ५५ लिटर धरले आहेत. पण मार्च-एप्रिलात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या वाडीवर पंधराचा आकडा सांगून पाहा. कोणी त्याला कमी म्हणणार नाही.

*

भूजच्या भूकंपानंतर रेडआरची भारतातली शाखा उभी राहिली आणि तिचं मुख्यालय आहे पुण्यात. एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं असलेल्या या शहरात ही गोष्ट माहीत असलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. तिथले अभ्यासक्रम पाणी-स्वच्छता, तात्पुरते निवारे, छावणीची आखणी, स्फिअर मानकं अशा विषयांवर चालतात. शिकायला सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते येतात, तसे सरकारी अधिकारीही.

या वर्गांची तऱ्हा कॉलेजपेक्षा वेगळी असते. व्याख्यान थोडं आणि लुटुपुटीची आपत्ती जास्त. एकाला निर्वासितांचा म्होरक्या करतात, दुसऱ्याला तपासनाक्यावरचा बंदूकधारी, तिसऱ्याला चिडलेला पत्रकार. नकाशा अर्धवट देतात. दुपारी ‘पाऊस सुरू झाला, पुलाकडचा रस्ता गेला’ असं सांगून सकाळी केलेली योजना मोडून टाकतात. चांगले इंजिनिअर इथं चिडतात, कारण पुरेशी माहिती नसताना निर्णय घेणं हा त्यांना आजवर गुन्हा म्हणून शिकवलेला असतो.

आणि मग बादल्या येतात. चार बादल्यांत सारखंच पाणी घ्यायचं, प्रत्येकीत एक टक्का क्लोरिनच्या द्रावणाची वेगळी मात्रा घालायची, ढवळून अर्धा तास थांबायचं आणि उरलेलं क्लोरिन मोजायचं. ज्या बादलीत ते लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम भरलं, तिची मात्रा टाकीला लावायची. क्लोरिन आधी घाणीवर खर्च होतं, उरलेलं पुढं नळापासून झोपडीपर्यंत पाण्याची राखण करतं, म्हणून किती घातलं यापेक्षा किती उरलं हे मोजायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसवायचा, नाहीतर सगळं क्लोरिन मातीच खाते.

आपल्या ग्रामपंचायतीतला जलसुरक्षक हेच करतो. विहिरीत टीसीएल टाकतो, ओटी टेस्टच्या नळीत पिवळा रंग आला का ते उजेडात धरून पाहतो. दहा हजार लिटरच्या टँकरला लिटरमागे दोन मिलिग्रॅमची मात्रा द्यायची तर २० ग्रॅम क्लोरिन लागतं. टीसीएलमध्ये ते ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे ६० ग्रॅम पावडर पुरे. हे कागदावरचं. पोतं पावसाळाभर तोंड उघडं ठेवून पडलेलं असेल तर त्यातलं क्लोरिन केव्हाच उडून गेलेलं असतं आणि साठ ग्रॅम घातलेली पावडर चुन्यासारखीच वागते. दहा वर्षं हे काम केलेल्या गावच्या पाणी कर्मचाऱ्याला वासावरून ते कळतं. म्हणून ज्याला परदेशातल्या छावणीत जायचं आहे त्यानं आधी जवळच्या ग्रामपंचायतीत पावसाळ्याचे चार महिने अशा माणसाच्या हाताखाली काढावेत असं माझं प्रामाणिक मत आहे. प्रमाणपत्र मिळणार नाही, पण काम येईल.

प्रशिक्षण नसलं की काय होतं ते २०१७ नंतर बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला दिसलं. २५ ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या तिथं आले. टेकड्यांवरचं जंगल तोडून, उतार कापून झोपड्या उभ्या राहिल्या. जो तो घाईनं संडास आणि बोअर खणत सुटला. पुष्कळसे संडास उथळ होते, हातपंपांना खेटून होते आणि बघता बघता भरले. मैलागाडी चिंचोळ्या, चढाच्या वाटांवर पोचत नव्हती. कित्येक संडास बुजवून नव्यानं बांधावे लागले. नंतर २०१९ मध्ये ऑक्सफॅमनं तिथं रोज ४० घनमीटर मैला हाताळणारा, दीड लाख माणसांना पुरेल असा प्रक्रिया प्रकल्प उभारला. संडास किती बांधले याच्या बातम्या होतात. मैला शेवटी कुठं जातो हे विचारणारा इंजिनिअर पहिल्या दिवशी हवा होता.

*

आता आपल्या घरची गोष्ट. माझ्या मते मानवतावादी इंजिनिअरिंगचा जगातला सर्वात यशस्वी नमुना जालना आणि सोलापूरमधून गेला आहे.

साठच्या दशकाच्या अखेरीस कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं भारतात आली आणि गावोगाव हापसे बसू लागले. त्या काळचे हापसे बिडाचे होते, युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या शेतघरासाठी केलेल्या नमुन्यांच्या नकला. तिकडे एक कुटुंब दिवसातून चार वेळा दांडा हलवायचं. इकडे पहाटे चारपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव हापसणार. खीळ झिजायची, दांडा तुटायचा, बीड फुटायचं. सत्तरचं दशक निम्मं होईतो बसवलेल्यांपैकी बरेचसे हापसे बंद पडलेले होते. ‘लोकांना वापरता येत नाही’ असा शेरा त्यावर सहज मारला जायचा.

जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचं पाण्याचं काम चालू होतं. तिथं वेगळा विचार झाला. बीड काढून पोलादी पत्रा जोडून डोकं केलं. अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा ठेवला आणि त्यात बंद बेअरिंग घातलं. हापशाचा खांब बोअरच्या केसिंगवर न बसवता वेगळ्या काँक्रीटमध्ये रोवला, म्हणजे हिसके केसिंगला बसू नयेत. दांडा आणि आतली सळई यांच्यामध्ये साखळी आली, त्यामुळे सळई वाकडी न खेचली जाता सरळ वर उचलली जाऊ लागली. याच धर्तीवर सोलापुरात, स्वतःच्या हिकमतीवर शिकलेल्या एका मेकॅनिकच्या हातून सोलापूर पंप घडला. देशात तेव्हा मिळणाऱ्या पंपांत तो सर्वात टिकाऊ होता. युनिसेफनं तो पायाभूत धरला, मद्रासमध्ये सरकारी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रूडास या कारखान्याला बरोबर घेतलं, कोइमतूर भागात चाचण्या घेतल्या आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. त्यावर कोणाचं पेटंट नव्हतं. त्याचं भारतीय मानक झालं. कोणताही कारखाना तो बनवू शकत होता आणि सुटे भाग एकमेकांना बसत होते. नव्वदच्या दशकापर्यंत असे पन्नासेक लाख पंप तयार झाले आणि आफ्रिकेतही गेले.

तोही निर्दोष नव्हताच. आतला वायसर बदलायचा तर सगळे पाइप बाहेर उपसावे लागत, त्याला चार-पाच जणांची टोळी आणि तिकाटणं लागे. आफ्रिकेत काही ठिकाणी पाणी आम्लधर्मी निघालं, जस्ताच्या मुलाम्याचे पाइप गंजले आणि पाण्याला लोखंडाची चव आल्यावर बायका पुन्हा जुन्या डबक्यावर गेल्या. मग ‘मार्क थ्री’ आला, त्यात पाइप जागेवर ठेवून नुसता दट्ट्या वर काढता येतो, गावातल्या दोघा-तिघांनाही. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजनं गावच्याच तरुणांना आणि बायकांना हापसा मिस्त्री केलं.

याच्या शेजारी प्लेपंप ठेवून पाहावा. दक्षिण आफ्रिकेतली ही कल्पना दिसायला फार गोजिरी होती. मुलांनी फिरत्या पाळण्यावर खेळायचं आणि त्या फिरण्यानं पाणी वर यायचं. २००६ मध्ये अमेरिकेत तिला १ कोटी ६४ लाख डॉलरचं पाठबळ जाहीर झालं. मग कोणीतरी हिशेब केला. ‘गार्डियन’नं २००९ मध्ये लिहिलं की एका पंपानं जेवढ्या लोकांना पाणी द्यायचं ठरवलं आहे तेवढं द्यायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. गावागावांतून शेवटी पोक्त बायका तो पाळणा हातानं ढकलताना दिसू लागल्या. कॉलेजांच्या स्पर्धांमधून बक्षिसं घेणारे प्रकल्प पाहताना मला हा पाळणा आठवतो. तिथं नव्या कल्पनेला गुण असतात. वायसर कोण बदलणार, तो कोणत्या दुकानात मिळतो आणि कितीला, या प्रश्नांना नसतात.

*

हापशासारखीच आपल्या घरची दुसरी गोष्ट लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप ६.२ तीव्रतेचा, म्हणजे जगाच्या मानानं मध्यम. तरी आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही अंदाज त्याहून वरचे आहेत. घरं दगडमातीची, वर फूट-दोन फूट मातीचं माळवद. भिंत बाहेरून अडीच-तीन फूट जाड दिसायची, प्रत्यक्षात आतली आणि बाहेरची अशा दोन पातळ भिंती आणि मध्ये गोट्यांची भर. दोन्हींना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. जमीन हलली तशा त्या पोट फुगल्यासारख्या सुटल्या आणि माळवद खाली आलं. लोकांनी दगडालाच गुन्हेगार ठरवलं आणि लातूर-उस्मानाबादच्या उन्हात काँक्रीटच्या खोल्या मागितल्या. बावन्न गावं नव्या जागी हलवली गेली. त्याखेरीज लाखांच्या घरात घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती आणि ती दगडमातीचीच होती.

ते करायचं कोणी? आपल्या सिव्हिलच्या अभ्यासक्रमात सगळा भर काँक्रीटवर. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत आरपार दगड किती अंतरावर हवेत, छताखाली पट्टा कसा घालायचा, हे शिकलेला कनिष्ठ अभियंता मिळणं कठीण होतं. कमकुवत दगडी बांधकामासाठीचं भारतीय मानक १९९३ सालचंच. मग इंजिनिअर, गवंडी आणि घरमालक असे तिघेही एकदमच शिकले. महिला मंडळातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आलं. कोणत्या घराला किती अनुदान, ते कशावर खर्च करायचं, गवंडी पट्टा नीट घालतोय का, हे त्या पाहू लागल्या. आज कुठंही भूकंपानंतरच्या घरबांधणीचा अभ्यास करणारे किल्लारीचे कागद वाचतात.

*

आता अर्ज कुठं करायचा ते.

घराजवळून सुरुवात करायची तर आयआयटी मुंबईचं ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५पासून आहे. तिथले विद्यार्थी गावात राहून पाणी योजना का बंद पडली याचा माग काढतात, आणि त्यातूनच पुढं कॉलेजांना जिल्हा प्रशासनाशी जोडणारं ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ निघालं. पुण्यात भूजल समजून घ्यायचं असेल तर ‘अ‍ॅक्वाडॅम’ आहे. भूगर्भशास्त्र न शिकलेल्यांनाही ते आपल्या बेसॉल्टच्या थरांतून पाणी कसं हलतं ते शिकवतात. पाणलोटासाठी ‘वॉटर’ आणि त्यांचं संगमनेर तालुक्यातलं दरेवाडीचं केंद्र. हाताला काळं लागू द्यायची तयारी असेल तर डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये उभा केलेला पाबळचा विज्ञान आश्रम. कशात पडायचं हेच ठरत नसेल तर गडचिरोलीच्या ‘सर्च’नं २००६पासून चालवलेलं ‘निर्माण’. तिथं येणाऱ्यांत डॉक्टरांच्या बरोबरीनं इंजिनिअरही असतात. पूर्ण वेळ एक वर्ष द्यायचं तर स्टेट बँकेची तेरा महिन्यांची ‘यूथ फॉर इंडिया’ फेलोशिप आहे, आणि सरकार आतून पाहायचं असेल तर मुख्यमंत्री फेलोशिप.

परदेशी जायचं तर दारं वेगळी आणि तिथं अनुभव आधी विचारतात. ‘मेदसँ साँ फ्रंतियेर’ ही डॉक्टरांची संस्था म्हणून प्रसिद्ध असली तरी तिच्या दवाखान्यांचं पाणी, वीज, शीतपेट्या आणि गाड्या सांभाळायला इंजिनिअर लागतात. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीचा पाणी व निवाऱ्याचा स्वतंत्र विभाग आहे. अलेप्पोसारख्या युद्धग्रस्त शहरांत पंपिंग स्टेशन चालू ठेवण्याचं काम त्यांनी केलं. तिथं एका व्हॉल्व्हच्या दुरुस्तीला दोन्ही बाजूंच्या बंदुकांची परवानगी लागते. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक १९७१पासून जगभर पाठवले जातात. त्यांना पगार नसतो, राहणी भागेल असा भत्ता असतो. बहुतेक ठिकाणी निदान दोन वर्षं साइटवर काढलेला माणूस हवा असतो, आणि फ्रेंच येत असेल तर पश्चिम व मध्य आफ्रिकेची दारं उघडतात. जर्मन-फ्रेंचच्या वर्गांना जाणाऱ्या पुण्याच्या मुलांना हे कोणी सांगत नाही. नुकती पदवी घेतलेल्यांनी म्हणून निराश व्हायचं कारण नाही. मनरेगाचे रस्ते, नळ योजना, साखर कारखान्याचं सांडपाणी, यातलं काहीही दोन वर्षं केलं तरी ते धरलं जातं.

विद्यार्थ्यांसाठी ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’च्या देशोदेशीच्या संस्था आहेत. त्यातली अमेरिकेतली २००२ची. कोलोरॅडोचे प्राध्यापक बर्नार्ड अमादेई बेलिझमधल्या सान पाब्लो या खेड्यात गेले होते. तिथल्या लहान मुली दिवसभर पाणी वाहत आणि त्यामुळे शाळेत जात नव्हत्या. त्यांनी विद्यार्थी नेऊन धबधब्याच्या जोरावर पाणी चढवणारा, इंधन न लागणारा पंप बसवला. त्यातून संस्था झाली. कॅनडातल्या संस्थेचं मला जास्त कौतुक वाटतं. २००८पासून ती आपल्या फसलेल्या कामांचा वार्षिक अहवाल छापू लागली. कुठला प्रकल्प कोणाच्या चुकीनं गेला, पैसे किती बुडाले, काय आधी विचारायला हवं होतं, सगळं देणगीदारांच्या डोळ्यांदेखत. आपल्याकडच्या संस्थांचे गुळगुळीत अहवाल पाहता हे धाडस मोठंच. इथं तर बंद पडलेल्या योजनेच्या टाकीवरही उद्घाटनाची पाटी चकचकीत असते.

पैशांबद्दल लाजत बोलण्याची गरज नाही. आईवडिलांनी कर्ज काढून शिकवलेल्या मुलानं फुकट राबावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि चांगल्या संस्था ती करतही नाहीत. पण कंपनीतल्या वर्गमित्राशी तुलना केली की वाईट वाटतंच. त्याहून बोचणारी गोष्ट परतल्यावर कळते. मुलाखतीत तीन वर्षांच्या या कामाकडे ‘गॅप’ म्हणून बोट ठेवतात. दहा हजार माणसांना रोज पाणी पुरवणारी योजना चालवलेला माणूस सोसायटीच्या टाकीचं डिझाइन करणाऱ्याच्या हाताखाली लागतो.

इथं गथ्रीच्या नोंदवहीची आठवण होते. २०१४पासून आपल्या मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी काढावे लागतात. पैसे निघतात, माणूस निघत नाही. टाटा समूहासारखे काही जण कर्मचाऱ्यांना फावल्या वेळात संस्थांना मदत करू देतात, तेही चांगलंच. पण आपत्ती शनिवार-रविवार पाहून येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे कपड्यांचे आणि बिस्किटांचे ट्रक राज्यभरातून इतके गेले की काही ठिकाणी घेणारे हात थकले. त्याच वेळी कोल्हापूर शहराची उपसा केंद्रं पुराखाली होती आणि पाण्यानं वेढलेल्या माणसांना प्यायला पाणी नव्हतं. त्या आठवड्यात हवे होते भिजलेली मोटर उघडून वाळवणारे, वाइंडिंग तपासणारे, पॅनेल बदलणारे, विहिरी उपसून क्लोरिन घालणारे लोक. असे लोक इचलकरंजीच्या कारखान्यांत आहेत, किर्लोस्करवाडीत आहेत, चाकणला तर हजारोंनी आहेत.

प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन कक्ष आहे. त्याच्याकडे बोटी, लाइफ जॅकेट आणि पोहणाऱ्यांची यादी असते. पंप, वीज, पाणी तपासणी आणि निवारे यांची माहिती असलेल्या पन्नास जणांची यादी तिला जोडायची, त्यांना आठवड्याचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांच्या कंपन्यांकडून पंधरा दिवसांच्या पगारी रजेचं पत्र आधीच घेऊन फाइलला लावायचं. खर्च फारसा नाही. जूनच्या आत हे व्हायचं तर नावं गोळा करायला दिवाळीनंतरचा महिना बरा, तोवर मार्चअखेरची कामं सुरू झालेली नसतात.